गाडीचे सुकाणू : आधी काय बदलावे?

व्याख्यानमालेला येणारा श्रोता वाङ्मय, इतिहास, अर्थकारण असे काही ऐकावयाच्या तयारीने येतो. त्याच्यापुढे पिकअप गाडीच्या पुढच्या चाकांचा विषय काढणे काहींना गैर वाटेल. परंतु याच श्रोत्याच्या घरी सकाळी जी मासळी आणि भाजी येते, ती पहाटेच कोणीतरी हाकून आणलेली असते. एडवण, कोरे, दातिवरे या किनाऱ्यावरचा माल सफाळ्याला येतो. पुढे मोठा बाजार गाठावयाचा, तर तांदूळवाडीचा घाट ओलांडून वरईला मुंबई–अहमदाबाद महामार्गाला लागावे लागते. एका बाजूला खारा वारा, दुसऱ्या बाजूला घाट, आणि वर बर्फ घातलेल्या मासळीचे ओझे. अशा तिहेरी माऱ्यात गाडीचे जे अंग सर्वांत आधी झिजते, त्याविषयी चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. आम्ही इंजिनिअर नव्हे. आम्ही चालकांच्या संघटनेचे काम करतो, आणि जे शिकलो ते गॅरेजात मिस्त्र्यांच्या शेजारी उकिडवे बसून व रात्री पुस्तके चाळून शिकलो.

प्रश्न असा आहे. हंगाम बरा गेला, मालकाच्या हाती चार पैसे आले, आणि गाडीच्या पुढच्या भागावर खर्च करावा असे त्याच्या मनात आले. तो काय घेतो? बहुधा चकचकीत जाळीदार बंपर घेतो, रुंद टायर घेतो, आणि फारच उदार झाला तर पॉवर स्टिअरिंग. हा क्रम उलटा आहे असे आमचे मत आहे, आणि ते का, हे कळण्यासाठी गाडी वळते कशी ते आधी पाहिले पाहिजे.

आमच्या किनाऱ्यावरच्या तांडेलाला सुकाणू म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. होडीला एकच सुकाणू असते. बैलगाडीला तेही नसते. बैल वळले की अख्खी गाडी वळते. चार चाकांच्या गाडीची अडचण वेगळी आहे. वळणावर आतले चाक लहान वर्तुळात फिरते व बाहेरचे मोठ्या. दोन्ही चाके सारखीच वळवली तर त्यांतले एक रस्त्यावर घासत जाणार. म्युनिकचा गाडी बनविणारा लँकेनस्परगर याने यावर तोड काढली, आणि त्याच्या वतीने रुडॉल्फ ॲकरमन याने १८१८ साली लंडनमध्ये तिचे पेटंट घेतले. प्रत्येक चाकाला स्वतःची खुंटी द्यावयाची आणि दोन्ही चाके एका दांड्याने अशी जोडावयाची की आतले चाक थोडे अधिक वळावे. ही युक्ती घोडागाडीसाठी निघाली होती. नाव मात्र पेटंट घेणाऱ्याचे राहिले. श्रम एकाचे आणि नाव दुसऱ्याचे, हा प्रकार आमच्या धंद्यात नवा नाही.

तो दांडा म्हणजेच आपला टायरॉड. १९८६ साली आलेल्या ४०७ सारख्या, पुढे सलग ॲक्सल असलेल्या गाडीत चालकाच्या हातापासून चाकापर्यंत एक साखळीच असते. स्टिअरिंगचा दांडा पेटीत जातो. पेटीतून ड्रॉप आर्म खाली येतो. तो ड्रॅग लिंक ओढतो. ड्रॅग लिंक एका चाकाला वळवते, आणि टायरॉड ती हालचाल दुसऱ्या चाकाला पोहोचवतो. चाक ज्या खुंटीवर फिरते ती किंगपिन. ज्या गाड्यांना पुढे दोन्ही चाकांचे वेगळे सस्पेन्शन असते, त्यांत किंगपिनच्या जागी बॉल जॉइंट येतात. प्रत्येक सांध्यावर रबराची टोपी असते आणि आत ग्रीस.

ती रबराची टोपी फाटली की पुढचे सर्व ठरलेले. आमच्याकडे रस्त्यावर किनाऱ्याची रेती असते, मासळीच्या गाड्यांतून गळणारे खारे पाणी असते आणि पावसाळ्यात चार महिने चिखल. हे सारे सांध्यात शिरते आणि सहाणेसारखे काम करते. एका सांध्यातली ढिलाई केसाएवढी असेल. पण पाच-सहा सांध्यांची बेरीज चालकाच्या हाताशी येते. तिलाच गॅरेजात 'प्ले' म्हणतात.

या प्लेविषयी कायदा मुका नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, यातील नियम ९८ सांगतो की स्टिअरिंगच्या चाकावर ३० अंशांपेक्षा जास्त प्ले असता कामा नये, बॉल जॉइंटवर रबरी टोप्या असल्या पाहिजेत, आणि बोल्ट वा पिना पक्क्या अडकवलेल्या असल्या पाहिजेत. आता ३० अंश म्हणजे किती? स्टिअरिंगचे चाक ४० सेंटिमीटर व्यासाचे धरले तर त्याचा परीघ सुमारे १२६ सेंटिमीटर, आणि त्याचा बारावा हिस्सा साडेदहा सेंटिमीटर. म्हणजे अंगठ्यासकट तळहाताच्या रुंदीएवढे चाक फिरेपर्यंत गाडीला पत्ताच नाही! ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी अर्ध्या सेकंदात सात मीटर पुढे जाते. ही कायद्याची शेवटची हद्द आहे. तेथवर वाट पाहावी असे कायदा म्हणत नाही, आणि घाटात चालवणाऱ्याने तर मुळीच पाहू नये.

हे तपासावयाला यंत्र लागत नाही. मागच्या चाकांना ओट लावून पुढचे चाक जॅकवर उचलावे, आणि ॲक्सलखाली भक्कम आधार द्यावा; नुसत्या जॅकवर विसंबू नये. चाक वर-खाली धरून हलवले आणि ते डुलले, तर दोष किंगपिनचा, बॉल जॉइंटचा किंवा हबच्या बेअरिंगचा. त्या वेळी दुसऱ्याने ब्रेक दाबून धरावा. डुलणे थांबले तर बेअरिंग ढिले, न थांबले तर किंगपिन. डावी-उजवीकडे धरून हलवले आणि खडखडले, तर टायरॉडचे एंड पाहावेत. नंतर चाके जमिनीवर ठेवून क्लीनरला स्टिअरिंग थोडे थोडे इकडेतिकडे करावयास सांगावे आणि आपण खालून एकेका सांध्यावर बोट ठेवावे. डोळ्याला न दिसणारी ढिलाई बोटाला कळते.

म्हणून खर्चाचा क्रम रस्त्याकडून वर चालकाच्या हाताकडे यावा. प्रथम टायर, बेअरिंग, किंगपिन किंवा बॉल जॉइंट. मग टायरॉड आणि ड्रॅग लिंकचे एंड. मग पाट्यांचे बुश व शॉकॲब्सॉर्बर. आणि शेवटी स्टिअरिंगची पेटी. पुष्कळ गॅरेजांत प्ले दिसला की पेटीचा स्क्रू आवळून देतात. काम पाच मिनिटांचे, गिऱ्हाईकही खूश. पण दोष सांध्यात असताना पेटी आवळली की ती मध्यावर घट्ट होते, वळणानंतर स्टिअरिंग आपोआप परत येत नाही, आणि सांधा आहे तसाच राहतो. थरथर थांबावी म्हणून स्टिअरिंग डॅम्पर बसवणे हाही तसलाच उपाय. ताप उतरवावयाचा, रोग ठेवावयाचा.

वाकलेला टायरॉड वा ड्रॉप आर्म तापवून सरळ करणे, मोडलेला वेल्डिंगने जोडणे, ही काटकसर नव्हे. त्या लोखंडाला कारखान्यात जे पाणी दिलेले असते ते ज्वाळेखाली उतरते. कॅसल नटमधली स्प्लिट पिन तर एकदा काढली की पुन्हा वापरूच नये. गाडीतल्या सर्वांत स्वस्त वस्तूंपैकी ती एक, आणि चाक हाताच्या ताब्यात राहील की नाही हे तिच्यावर अवलंबून.

आता पॉवर स्टिअरिंग. फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन इंजिनिअराने १९२६ च्या सुमारास ते मोटारीवर चालवून दाखवले, आणि विकावयाच्या मोटारीत ते १९५१ साली क्रायस्लरने आणले. चालकाच्या खांद्यांसाठी ते वरदान आहे यात आम्हाला शंका नाही. दिवसभर बाजाराच्या गर्दीत भरलेली गाडी मागेपुढे करणाऱ्याचे दंड काय म्हणतात ते आम्ही ऐकलेले आहे. परंतु झिजलेल्या सांध्यांवर पॉवर स्टिअरिंग चढवले की पूर्वी हाताला लागणारा धक्का आता तेल गिळते, आणि ढिलाईची वार्ता चालकापर्यंत येईनाशी होते. शिवाय जोर वाढल्याने उरलेले सांधे लवकर जातात. बसवावयाचे तर त्याच कंपनीच्या त्याच गाडीच्या पॉवर स्टिअरिंगवाल्या नमुन्याचे सर्व भाग घ्यावेत : पेटी, पंप, कंस, नळ्या, ड्रॉप आर्मसुद्धा. ड्रॉप आर्मची लांबी जुळली नाही तर एका बाजूला गाडी पूर्ण वळते आणि दुसऱ्या बाजूला अर्धी. चेसिसला भोके पाडून दुसऱ्याच गाडीची पेटी डकवणाऱ्या कारागिराच्या हाताला लाख गुण असोत, आम्ही त्याच्या वाटेस जाणार नाही.

आणखी एक गोष्ट. इंजिन बंद पडले की पंप थांबतो आणि स्टिअरिंग दगडासारखे जड होते. ब्रेकची मदतही एकदोनदा दाबल्यावर संपते. डिझेल वाचवण्यासाठी घाटाच्या उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडून देण्याची सवय काही जणांना आहे, आणि ती लावणारे काही मालकही आहेत. पॉवर स्टिअरिंगच्या गाडीत ही सवय जिवावर बेतते.

बंपर आणि रुंद टायर यांना आम्ही थोडक्यात आटोपतो. जड लोखंडी गार्ड ॲक्सलच्याही पुढे लटकतो. बेअरिंग व पाटे यांवर नाहक भार येतो, आणि धडकेत पायी जाणाऱ्याला तो अधिक मारतो. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना लिहून अशा गार्डवर कारवाई करावयास सांगितले आहे. रुंद टायर आणि बाहेर निघालेली रिम यांनी चाक खुंटीपासून दूर जाते, आणि प्रत्येक खड्डा स्टिअरिंगला हिसका देतो. पाटे वाढवून पुढची बाजू उचलली तर ड्रॅग लिंक तिरकी होते व खड्ड्यात गाडी आपणच वळू पाहते. मोटार वाहन कायदा, १९८८, याचे कलम ५२ नोंदणीच्या दाखल्यातील तपशिलाशी विसंगत फेरफार करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितले. उलट बाजूची चूकही सांगून ठेवू. माल मागच्या चाकांच्याही मागे रचला की गाडीचे नाक हलके होते. मग स्टिअरिंग छान हलके लागते, पण पुढच्या चाकांची पकड सुटलेली असते. मासळीच्या जड पाट्या पुढे, केबिनलगत, रिकाम्या मागे.

हे भाग निवडतो मालक, आणि त्यांच्यावर जीव टांगतो चालक. १९६१ साली मोटार वाहतूक कामगारांसाठी कायदा झाला, त्यात दिवसाला आठ तासांची मर्यादा आली. पण ज्याच्याकडे पाचांहून कमी कामगार, त्याला तो लागू नव्हता, आणि आमच्या पट्ट्यातला एका गाडीचा मालक नेमका त्यातच बसे. सांधा सुटून कोणी मेले तर १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ आहे, आणि पिंजऱ्यात प्रथम उभा राहतो तो चालकच. मोटार वाहन निरीक्षक गाडी तपासतो तेव्हा सांधा झिजलेला होता हे निघते. पण तो झिजल्याचे चालकाने मालकाला सांगितले होते, हे कोण सांगणार?

यासाठी आमच्या चालकांना आम्ही एक शंभर पानी वही बाळगावयास सांगतो. तारीख, मीटरचा आकडा, काय ढिले आहे, आणि मालकाची सही. सही नाकारली तर तोच मजकूर फोनवर लेखी पाठवावा. काही मालकांना याचा राग येतो; बरेचसे दुसऱ्या महिन्यापासून स्वतःच वही मागतात, कारण कोणता भाग किती किलोमीटर टिकला हे तिच्यातून कळते आणि बनावट माल लगेच उघडा पडतो. नवे भाग बसल्यावर अलाइनमेंट करून घ्यावी, तिची पावती त्याच वहीत चिकटवावी, आणि पाचशे किलोमीटरनंतर सर्व नट पुन्हा एकदा पान्याने तपासून त्याचीही तारीख लिहावी.