नियम आत, फोन बाहेर

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की नंदुरबार जिल्ह्यातल्या प्रकाशा-शहादा भागात पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या पोरापोरींची संख्या वाढते. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर, शिवाय दोघांनाही 100 मीटर धावणे आणि गोळाफेक. लांब धावण्याला 20 गुण, बाकी दोन्हींना प्रत्येकी 15. खिशातल्या फोनने ‘दहा हजार पावलं पूर्ण!’ म्हणून शाबासकी दिली, तरी मैदानावर तिचा उपयोग शून्य. हा दहा हजारांचा आकडा मुळात 1965 च्या सुमारास जपानमध्ये ‘मानपो-केई’ नावाचं पावलं मोजायचं यंत्र खपवताना रूढ झाला. डॉक्टरांनी काही तो काढलेला नाही.

मग या पोरांसाठी कुणी वेगळं ॲप करायला घेतलं तर? बहुतेकजण आधी बटणं आणि रंग ठरवत बसतात. सुरुवात खरं तर उद्दिष्टाच्या नियमापासून व्हावी. ‘आठवड्यातून चार दिवस 1600 मीटर, आणि महिन्याभरात वेळ इतकी खाली’ हा नियम. त्याला स्क्रीन ठाऊक नसावी, अँड्रॉइड ठाऊक नसावं, इंटरनेटही नसावं.

रॉबर्ट मार्टिन या अमेरिकन प्रोग्रॅमरने 2012 मध्ये ‘क्लीन आर्किटेक्चर’ या नावाने हीच अट मांडली आणि 2017 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. प्रकाशा गावच्या माणसाला ती समजवायला गावातली पांढर, म्हणजे जुन्या वस्तीची जागाच पुरे. तिथे 1955 मध्ये पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी उत्खनन केलं, तेव्हा ताम्रपाषाण युगापासूनच्या चार कालखंडांचे थर निघाले. खालच्या वस्तीला वर काय बांधलं जाणार याचा पत्ता नव्हता. वरची मात्र खालच्यावरच उभी. कोडमध्ये नियम तळाशी असतात. पडद्यावर दिसणारा भाग आणि माहिती आणणारा भाग त्यांच्यावर विसंबतात, उलट कधीच नाही.

माहितीच्या थरात खरी मेहनत आहे. अँड्रॉइडचा पावलं मोजणारा सेन्सर ‘आज किती’ हे सांगतच नाही. फोन शेवटचा चालू केल्यापासूनची बेरीज तो देतो. सकाळी 4000 चा आकडा दिसत असताना बॅटरी संपली, की चार्ज करून फोन सुरू केल्यावर मोजणी पुन्हा शून्यापासून. म्हणून मागचा आकडा फोनमधल्याच डेटाबेसमध्ये जपून ठेवायचा. नवा आकडा त्याहून लहान आला तर फोन मधे बंद पडला होता असं धरून तो आधीच्या बेरजेत मिळवायचा. सगळं फोनमध्येच असल्याने सातपुड्यातल्या पाड्यावर रेंज गेली तरी काही अडत नाही.

पण नवरात्रात गरबा रात्री बाराच्या पुढे गेला, तर ती पावलं कालची की आजची? हे सेन्सर सांगणार नाही आणि स्क्रीनने तर ठरवूच नये. हा निर्णय नियमाच्या थरात, एकाच ठिकाणी. तो बरोबर लिहिलाय का, हे फोन न जोडता नुसत्या लॅपटॉपवर क्षणात तपासता येतं.

नियमाने फक्त एवढंच म्हणायचं: मला आजची पावलं दे, कुठून आणतोस ते तुझं तू बघ. याची किंमत 2024 मध्ये अनेकांना कळली. 1 मे पासून गुगलने ‘गुगल फिट’ या आपल्या सेवेतून पावलांसारखी माहिती मागवायच्या एपीआयसाठी नवी नोंदणी बंद केली आणि डेव्हलपरांना ‘हेल्थ कनेक्ट’ या दुसऱ्या सोयीकडे वळायला सांगितलं. ज्यांनी थर नीट पाडले होते, त्यांना आणणारा भाग तेवढा बदलावा लागला. ज्यांनी गुगल फिटचा कोड थेट स्क्रीनमध्ये कोंबला होता, त्यांना पानापानावर शोधाशोध. आणि नियमही बदलतातच: भरतीची मैदानी चाचणी पूर्वी 100 गुणांची होती, आता 50 ची आहे.

अर्थात याचाही अतिरेक होतो. चार स्क्रीनच्या ॲपला चाळीस फायली, आणि त्यातल्या निम्म्या नुसत्या इकडचा निरोप तिकडे पोचवणाऱ्या, असे प्रोजेक्ट मुलं हौसेने करतात. अशी रचना शिकवणीच्या व्हिडिओत छान दिसते. छोट्या ॲपला तीन थर भरपूर झाले.

शहादा-नंदुरबारकडे संगणक शिकणाऱ्या मुलांनी हा प्रोजेक्ट जरूर करावा. पहिली फाईल उद्दिष्टाच्या नियमाची लिहा, आणि तिच्यात अँड्रॉइडची एकही ओळ येऊ देऊ नका.