नावातील निदान

'विषबाधा' या समासात पूर्वपद कारण सांगते. 'भूतबाधे'तही तेच, मग भूत असो वा नसो. कचेरीत यंत्रापाशी बसणाऱ्यांच्या डोकेदुखीस व त्वचेच्या दाहास 'विद्युत्-अतिसंवेदनशीलता' म्हटले की नावातच निदान उरकते. स्वीडनमधील संगणक-पडद्यांपुढील कर्मचाऱ्यांनी १९८० नंतरच्या दशकात अशा तक्रारी मांडल्या. पुढे २००५ च्या एका समीक्षेत ३१ प्रयोगांतील ७२५ रुग्ण विचारात घेतले गेले. विद्युत्-चुंबकीय क्षेत्र चालू की बंद, हे त्यांना ओळखता येते असा भक्कम पुरावा आढळला नाही. क्षेत्र बंद असतानाही मात्र त्रास होई, आणि तो ढोंग नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००४ च्या प्राग येथील कार्यसत्रात म्हणूनच कारण गृहीत न धरणारी संज्ञा सुचविली गेली. मराठीत 'विद्युतेवर आरोपित असह्यता' म्हणता येईल. शब्द बोजड खरा, परंतु तो दुखणे मान्य करतो व कारणाची चौकशी मोकळी ठेवतो.