टर्बो बदलण्याआधी

जालन्याहून संभाजीनगरच्या दिशेने निघालं की शहराच्या अलीकडे शेंद्र्याची औद्योगिक वसाहत लागते. 2001 पासून तिथे स्कोडाच्या गाड्यांची जुळणी होते. 2004 मध्ये या कंपनीने ऑक्टाव्हिया आरएस भारतात आणली. 1.8 लिटरचं पेट्रोल इंजिन, दर सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, जोडीला टर्बो आणि 150 अश्वशक्ती. टर्बो हा शब्द तोवर आपल्या भागात ट्रक, हार्वेस्टर आणि डिझेल जीपच्या संदर्भातच ऐकू यायचा. पुढे 2013 मध्ये पोलो जीटी टीएसआय आली आणि आता तर लहान पेट्रोल गाड्यांतही टर्बो सर्रास असतो. डिसेंबर 2022 मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा खुला झाला, आणि जालन्यातून जाणाऱ्या या सरळ, मोकळ्या रस्त्यावर गाडीचा दम कमी झालेला चटकन लक्षात येऊ लागला. तिसऱ्या गिअरमध्ये पूर्वी पाठीला जो रेटा बसायचा तो बसत नाही, एवढीच तक्रार असते. इंजिन सुरळीत चालतं, धूर नाही, आवाज नाही. ‘टर्बो गेला’ हे निदान मात्र लगेच ऐकायला मिळतं.

एवढ्या घाईने हे निदान होऊ नये, असं मला कळकळीने वाटतं. टर्बो हा त्या सगळ्या साखळीतला सगळ्यात महाग भाग. तो बदलूनही गाडी तशीच राहिली, तर मालकाचे पैसे गेलेले असतात आणि मूळ दोष जागेवरच असतो.

इंजिनातून बाहेर पडणारा तप्त वायू एक चक्र फिरवतो. त्याच दांड्यावर दुसऱ्या बाजूला बसवलेलं चक्र बाहेरची हवा ओढून दाबतं. लहान टर्बोचा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेऊ शकतो. दाबलेली हवा तापते, म्हणून ती इंटरकूलरमधून गार होऊन इंजिनात जाते. दाब मर्यादेबाहेर जाऊ नये यासाठी वेस्टगेट नावाची झडप असते. ती उघडली की काही वायू चक्राला वळसा घालून थेट सायलेन्सरकडे जातो. ती किती उघडायची हे गाडीचा संगणक ठरवतो आणि एका छोट्या सोलेनॉइड व्हॉल्व्हकडून करवून घेतो. म्हणजे बूस्ट, अर्थात टर्बोने दिलेला जादा दाब, कमी मिळाला तर संशयित बरेच आहेत: हवा ओढणारी वाट, दाबलेल्या हवेची वाट, वेस्टगेट, त्याला हुकूम देणारा व्हॉल्व्ह, आणि स्वतः संगणक.

पण आधी बूस्ट खरोखर कमी आहे का, हे बघायला हवं. इथे जालन्याची उंची मध्ये येते. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 500 मीटरवर आहे, त्यामुळे इथला हवेचा दाब साधारण 950 मिलिबार असतो. मुंबईत तो 1010 च्या आसपास. स्कॅनरवर दिसणारा आकडा हा एकूण दाब असतो, त्यातून बाहेरच्या हवेचा दाब वजा केला की बूस्ट मिळतो. समजा स्कॅनर 1600 दाखवतो. सवयीने 1013 वजा केले तर बूस्ट 587 येतो, जालन्याचे 950 वजा केले तर 650. या 63 मिलिबारच्या फरकावर दोन मित्रांमध्ये ‘तुझ्या गाडीचा टर्बो कमजोर आहे’ अशी चर्चा रंगू शकते. म्हणून पहिली तपासणी फुकटची आहे: इंजिन बंद, चावी चालू, आणि प्रेशर सेन्सरचा आकडा वाचायचा. जालन्यात तो 950 च्या जवळ हवा. 880 किंवा 1020 दिसला तर सेन्सरच चुकीचं सांगतोय.

उंची आणि टर्बो यांचं नातं जुनं आहे. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी 1905 मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं. 1918 मध्ये सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचं लिबर्टी इंजिन अमेरिकेतल्या पाइक्स पीक या 14,000 फुटांहून उंच शिखरावर नेऊन टर्बोसह चालवलं. विरळ हवेतही त्याने समुद्रसपाटीवरची ताकद दिली. गाडीचा टर्बोही तेच करतो, फक्त विरळ हवेत त्याला जास्त फिरावं लागतं. त्यातून मे महिन्यात पारा 42 वर गेला की आत येणारी हवा आधीच तापलेली असते. इंजिन सांभाळण्यासाठी संगणक तेव्हा मुळात बूस्टच कमी मागतो. जानेवारीतल्या पहाटेची गाडी आणि मे महिन्यातल्या दुपारची गाडी यांची तुलना करून टर्बोला दोष देणं अन्यायाचं आहे.

सगळ्या तपासाची किल्ली इथेच आहे: संगणकाने किती दाब मागितला आणि प्रत्यक्षात किती मिळाला. मोबाइलला जोडायची स्वस्त उपकरणं बहुधा फक्त मिळालेला दाब दाखवतात. त्याने अर्धीच गोष्ट कळते. कंपनीच्या भाषेत बोलणारा स्कॅनर हवा. जुन्या ऑक्टाव्हिया आरएसमध्ये 115 क्रमांकाच्या ब्लॉकमध्ये मागणी आणि प्रत्यक्ष, दोन्ही शेजारी शेजारी दिसतात. मोकळा रस्ता बघावा, लॅपटॉप शेजारी बसलेल्याच्या हातात द्यावा, तिसऱ्या गिअरमध्ये दोन हजार फेऱ्यांपासून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा आणि 120 ची वेगमर्यादा येण्याआधी पाय काढावा.

मग नोंद वाचायची. मागणीच कमी असेल आणि मिळालेला दाब तिच्याशी जुळत असेल, तर टर्बो निर्दोष आहे. संगणक हात आखडता का घेतोय, ते शोधायचं: तापलेली हवा, खराब पेट्रोलमुळे होणारं नॉकिंग, एखादा बिघडलेला सेन्सर. मागणी भरपूर, सोलेनॉइडला दिलेला हुकूम 90 टक्क्यांच्या वर, आणि तरीही दाब मागे पडत असेल, तर हवा कुठेतरी निसटतेय किंवा वेस्टगेट नीट मिटत नाही. दाब आधी पुरेसा चढून फेरे वाढताच घसरत असेल, तर वाट कोंडलीय: धुळीने भरलेला एअर फिल्टर, तुंबलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, किंवा आतून मऊ पडून ओढीने चिकटणारा होज. आणि काहीही केलं तरी दाब एकाच खालच्या पातळीवर अडून राहत असेल, तर वेस्टगेट नुसत्या स्प्रिंगच्या जोरावर चालतोय. संगणकाने नियंत्रण सोडून दिलंय किंवा सोलेनॉइड मेलाय. पुष्कळ गाड्यांमध्ये चावी बंद करून पुन्हा सुरू केली की थोडा वेळ सगळं ठीक वाटतं आणि दोष गेला असं समजून मालक महिनाभर फिरत राहतो. कोड तपासला तर नव्या गाड्यांत पी0299 आणि त्या जुन्या आरएससारख्या गाड्यांत पी1556 सापडतो. दोन्हींचा अर्थ एवढाच की मागितला तितका दाब मिळाला नाही. कुठला भाग बदलायचा हे कोड सांगत नाही.

पहिला संशय हवा निसटण्याचा घ्यावा. वीस वर्षांच्या रबराने मराठवाड्याचे तितकेच उन्हाळे सोसलेले असतात. मोसंबीच्या बागेत ठिबकची एक नळी फुटली की शेवटच्या झाडापर्यंत पाणी पोचत नाही, आणि मोटार मात्र पूर्ण जोराने चालत असते. टर्बोचंही तसंच. तो बिचारा जास्त फिरून गळती भरून काढू बघतो आणि त्यातच लवकर झिजतो.

गळती डोळ्यांनीही दिसू शकते. इंजिनातली तेलाची वाफ थोडीफार या नळ्यांतून फिरतच असते. जिथून हवा सुटते तिथे तेलाचा बारीक फवारा बाहेर पडतो आणि त्यावर काळ्या मातीची धूळ बसून पुटासारखा थर चढतो. इंटरकूलरच्या प्लास्टिक टोकाजवळ, क्लिपच्या खाली, होजच्या खालच्या बाजूला बॅटरी मारून बघावं. वरून कोरडा दिसणारा होज खालून चिरलेला असतो. जुन्या आरएसचा छोटा इंटरकूलर पुढच्या चाकाच्या कमानीआड असल्याने चिखलाचा मारा त्यालाच बसतो.

डोळ्यांना सापडलं नाही तर दाबाने शोधायचं. हार्डवेअरच्या दुकानातून योग्य मापाचं पीव्हीसीचं बूच आणावं, त्याला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवावा आणि ते टर्बोकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडाशी, हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या पुढे, क्लिपने आवळावं. इंजिन बंद आणि गार. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर रेग्युलेटर लावून 10 पीएसआय हवा सोडावी, 15 च्या वर जाऊ नये. थेट टाकीतली हवा सोडली तर सील आणि डिपस्टिक उडतील. मग साबणाचं पाणी फवारून बुडबुडे शोधायचे. इंजिनाच्या आतून थोडा फुसफुस आवाज येणारच, कारण एखादा व्हॉल्व्ह उघडा असतो. बाहेरच्या जोडावर बुडबुडा दिसला तर चोर सापडला. दाबलेली हवा परत वळवणारा डायव्हर्टर व्हॉल्व्हही जरूर काढून बघावा. त्याच्या आतला रबरी पडदा फाटतो, आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

यानंतर वेस्टगेट. त्याच्या दांडीला गंजाने अडकण्याची सवय आहे. हातपंपाने दाब देऊन ती सरकते का, आणि दाब सोडल्यावर पूर्ण मागे येते का, बघावं. सोलेनॉइडपाशी येणाऱ्या बारीक नळ्या वाकवून तपासाव्यात, तडे वाकवल्यावरच दिसतात.

एवढं सगळं निर्दोष निघालं तरच टर्बो उघडावा. गार इंजिनावर तोंडाचा होज काढून दांडा बोटाने हलवायचा. आडवा किंचित हलला तर चालतं, आतबाहेर जाणवण्याइतका सरकला किंवा पाती घराला घासलेली दिसली तर टर्बो खरंच संपलाय. पात्यांच्या कडा बोथट झाल्या असतील तर एअर फिल्टरच्या डब्याचं झाकण नीट बसत नसल्याचं समजावं आणि नवा टर्बो लावण्याआधी ते दुरुस्त करावं. तेल नेणारी बारीक नळीही त्याच वेळी बदलावी. तिच्यात जळालेल्या तेलाची काजळी साठली असेल, तर नव्या टर्बोचे बेअरिंग थोड्याच दिवसांत कोरडे पडतात.