अंगणातल्या दोघी

पुरुषोत्तमनगर म्हटले की शहादे तालुक्यातला ऊस आणि सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखाना आठवतो. मला मात्र अशा गावी दुसरेच कुतूहल असते. पोर अंग धरत नसले, तर आई आधी कुणाकडे जाते? डॉक्टर मागाहून, आधी अंगणवाडीच्या बाईंकडे!

मुले शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच त्यांच्या अंगणात नेऊ, हा ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचा खटाटोप. बोर्डीला १९४५ साली त्यांनी काम मांडले. सरकारची योजना आली २ ऑक्टोबर १९७५ ला.

सेविका वजन करते, गाणी शिकवते, गरोदर बायांची नोंद ठेवते, लसीच्या दिवशी घरोघर हाका मारते. मदतनीस रांधते, झाडते, रडकी पोरे कडेवर घेऊन येते. (तिचे कौतुक कुणी करीत नाही, हे मला खटकते.) आदिवासी भागात २०१५ पासून अमृत आहार योजनेतले गरोदर मातांचे गरम जेवणही यांच्याकडेच.

आणि मिळते काय? पगार नव्हे, मानधन! कागदोपत्री दोघी ‘मानसेवी’. मान भरपूर, धन बेताचे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये त्यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. तरी ४ डिसेंबर २०२३ ला राज्यभरच्या सेविका-मदतनिसांना संप करावा लागला. दीड महिन्याहून अधिक दिवस अंगणे सुनी होती.