शिरूर ते दौंड : पाखराची वाट, माणसाची वाट

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्यातले शेजारी तालुके. मधून भीमा वाहते. शिरूरहून दौंड किती लांब, असे कुणी विचारले की मी उलट विचारतो, ‘पाखराने जायचे की माणसाने?’

आधी पाखराचे अंतर काढू. त्याला शाळेतला भूगोल पुरतो. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे 111 किलोमीटर. रेखांशाचा अंश आपल्या भागात सुमारे 105 किलोमीटर भरतो, कारण रेखावृत्ते ध्रुवाकडे जवळ येत जातात. शिरूरच्या मानाने दौंड दक्षिणेला 22 मिनिटे आणि पूर्वेला 12 मिनिटे आहे. मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग. किलोमीटरमध्ये हे 41 आणि 21 होतात. या काटकोन त्रिकोणाचा कर्ण येतो सुमारे 46 किलोमीटर. हेच हवाई अंतर.

ताशी 800 किलोमीटरने जाणारे विमान ते साडेतीन मिनिटांत कापील. पण ते उतरणार कुठे? प्रवासी विमानतळ दोन्हीकडे नाही. जवळचा लोहगावचा, आणि शिरूरहून तिथवरची वाटच या 46 किलोमीटरहून लांब!

आता माणसाची वाट पाहू. न्हावरे, पारगाव, चौफुला, पाटस आणि मग दौंड. हा रस्ता सत्तर किलोमीटरच्या घरात जातो. सरासरी ताशी 40 धरली तरी पावणेदोन तास. आतल्या वाटांनी अंतर वाचते, पण रस्ता अरुंद लागला की वेळ वाचेलच असे नाही.

असे का? आपले मोठे रस्ते पुण्याकडून चाकाच्या आऱ्यांसारखे निघाले. शिरूर नगर रस्त्यावर, तर दौंड सोलापूरच्या बाजूला. मुंबईहून आलेली रेल्वे 1858 मध्ये पुण्याला पोहोचली, पुढे सोलापूरकडे जाताना दौंडला आली. 1878 मध्ये दौंड–मनमाड मार्ग सुरू झाला आणि दौंड जंक्शन झाले. शिरूर शहराला रेल्वे नाही. दोन्ही गावांची तोंडे पुण्याकडे. एकमेकांकडे आडवे जायचे तर आधी भीमेवरचा पूल गाठावा लागतो.

नदीकाठच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. समोरच्या काठावरचा दिवा त्याला दिसतो, पण तिथे पोहोचायला पुलाचा वळसा पडतो. तोडलेला ऊस शक्यतो चोवीस तासांत गाळपाला जावा लागतो. नंतर त्याचे वजन घटते, साखरेचा उतारा उतरतो. बैलगाडीला प्रत्येक जादा कोस महाग. त्यातच गाळपाच्या हंगामात रात्री उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असल्या की मोटारीचे गणितही चुकते. घरात आजारी माणूस असेल तर ही चूक पैशात मोजता येत नाही.

म्हणून माझे सांगणे एवढेच. दवाखाना, शाळा किंवा बाजार ‘जवळ’ आहे असे नकाशा पाहून कुणी म्हणाले, तर तीन प्रश्न विचारा : पूल कुठे आहे, पावसाळ्यात तो पाण्याखाली जातो का, आणि रात्री किती वेळ लागतो? गाव किती जवळ आहे, ते या तीन उत्तरांवरून ठरते.