थकलेल्या ड्रायव्हरची गाडी

दिवाळी अंकाच्या संपादकांना स्पोर्ट्‌स कारवर लेख हवा होता. अट एकच होती. पोस्टरवरच्या गाड्यांचं कौतुक नको. माणूस रोज ऑफिसला नेऊ शकेल आणि सुट्टी लागली की तीच काढून परमुलखात जाऊ शकेल अशी एक गाडी निवडायची आणि जमलं तर तिच्या खाली जाऊन बघून यायचं. मी म्हटलं, पोर्शे ९२८. ते म्हणाले, "९११ म्हणायचंय का तुम्हाला?" नाही, ९२८ च. हा गोंधळ त्या गाडीच्या पत्रिकेतच आहे.

स्टुटगार्टला जायला मला निमित्तही होतं. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, पण आमच्या घरात हे नातं त्याहून जवळचं आहे. माझा मावसभाऊ चिंचवड सोडून तिथे मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत काम करतो. तो जुनी ९२८ घ्यायच्या खटपटीत होता. त्याच्या बायकोचं म्हणणं असं, की घरात दोन मुलं असताना माणूस स्पोर्ट्‌स कार घेतो तेव्हा त्याला घरच्यांनी नीट खायला घालायला हवं आणि दोन दिवस झोपू द्यायला हवं, म्हणजे उतरतं. त्याचं उतरलेलं नव्हतं.

त्सुफेनहाउझेनला, लोकल गाडीच्या स्टेशनाला लागूनच, कंपनीचं म्युझियम आहे. तिथला अधिकृत इतिहास अर्ध्या तासात वाचून होतो. थोडक्यात सांगायचं तर १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीच्या कारभाऱ्यांना वाटत होतं, की मागे इंजिन असलेल्या ९११ चे दिवस भरले. अमेरिकेत सुरक्षेचे, धुराचे आणि आवाजाचे नियम कडक होत होते. १९७२ मध्ये पोर्शे घराण्याने रोजच्या कारभारातून अंग काढून घेतलं आणि एर्न्स्ट फुरमान कारभार बघू लागले. हे मूळचे इंजिनाचे माणूस. पन्नासच्या दशकातलं चार कॅमशाफ्टचं प्रसिद्ध पोर्शे इंजिन त्यांचंच. त्यांनी नव्या गाडीची मांडणी उलटीपालटी केली. इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी, आणि दोघांना जोडणारी जाड नळी, जिच्या आत एक बारीक दांडा इंजिनच्या वेगाने फिरतो. त्यामुळे वजन पुढे-मागे जवळपास निम्मंनिम्मं पडलं. इंजिन साडेचार लिटरचं व्ही-८, सगळं अ‍ॅल्युमिनियमचं, २४० अश्वशक्तीचं. मार्च १९७७ मध्ये जिनेव्हाच्या प्रदर्शनात गाडी आली आणि १९७८ चा 'कार ऑफ द इयर' किताब घेऊन गेली. युरोपातला हा किताब एरवी शहाण्यासुरत्या घरगुती गाड्यांना मिळतो. त्या वर्षी बीएमडब्ल्यूची सेव्हन सीरिज आणि फोर्डची ग्रॅनाडा मागे राहिल्या.

आणि तरी ९११ मेली नाही. १९८१ मध्ये पीटर शुट्‌झ प्रमुख झाले. कंपनीच्या इंजिनिअरांचे प्रमुख हेल्मुट बोट यांच्या खोलीत भिंतीवर एक तक्ता होता, त्यात ९११ ची रेघ त्या वर्षीच संपत होती. शुट्‌झनी मार्कर घेतला आणि ती रेघ तक्त्याबाहेर, भिंतीवरून थेट पुढे ओढत नेली, ही गोष्ट मोटारवाल्यांच्या जगात सगळ्यांना पाठ आहे. मला मात्र ती गोष्ट ऐकताना नेहमी दुसऱ्या रेघेची आठवण होते. ९२८ ची रेघ १९९५ पर्यंत गेली आणि थांबली. सुमारे ६१,००० गाड्या बनल्या. वारसदार म्हणून जन्माला आलेली ही गाडी थोरल्याच्या सावलीत नोकरी करून निवृत्त झाली.

मला त्या सबंध गाडीत ज्या एका गोष्टीने धरून ठेवलं ती गाडीखाली आहे आणि म्युझियममध्ये उभं राहून दिसत नाही. ती दिसली एका गॅरेजमध्ये, शहराबाहेरच्या एका खेड्यात. तिथले उस्ताद बरीच वर्षं ह्याच मॉडेलची कामं करतात. त्यांची स्वतःची ९२८, पाच लिटरची एस-४, लिफ्टवर चढवलेली होती. भावाने माझी ओळख करून दिली तेव्हा त्यांनी हात पुसला, हात दिला आणि काही न बोलता बॅटरीचा झोत मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला टाकला. तिथे वाइसाख अ‍ॅक्सल होता. वाइसाख हे स्टुटगार्टजवळचं गाव, पोर्शेचं संशोधन केंद्र तिथे आहे.

हा अ‍ॅक्सल ज्यावरचा उपाय आहे तो प्रश्न काय होता ते आधी सांगते. समजा तुम्ही वळणावर आहात, वेग जरा जास्त आहे. वळण पुढे आवळत जातंय हे लक्षात येतं आणि तुम्ही घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय झटकन काढता. कुणीही काढेल. त्या क्षणी इंजिन मागच्या चाकांना ओढून धरतं. चाकं ज्या आर्मवर बसलेली असतात त्या आर्मची टोकं रबरी बुशवर असतात, रबर दबतं, आर्म किंचित मागे सरकतो आणि चाकाचं पुढचं टोक बाहेरच्या बाजूला फिरतं. म्हणजे मागची चाकं वळणाच्या बाहेर बघू लागतात. गाडीची शेपूट बाहेर निघते. मागे जड इंजिन असलेल्या जुन्या ९११ मध्ये हे झालं तर पुढचं देवावर. तरबेज माणूस पाय काढतच नाही, उलट दाबतो. पण सहा तास गाडी चालवून डोळे जड झालेला माणूस तरबेज नसतो.

रबर काढून टाकावं तर रस्त्याचा प्रत्येक खड्डा थेट मणक्यात येतो. शर्यतीच्या गाडीला ते चालतं, रोजच्या गाडीला नाही. वाइसाखच्या इंजिनिअरांनी रबर ठेवलं आणि त्याचं दबणंच कामाला लावलं. खालच्या आर्मचं पुढचं टोक त्यांनी सरळ बॉडीला न अडकवता मध्ये एक आखूड लिंक घातली, आणि ती अशा तिरक्या कोनात बसवली की चाक मागे ओढलं गेलं तर त्याचं पुढचं टोक बाहेर न जाता आत वळावं. पाय काढला की बाहेरचं मागचं चाक आपणहून वळणाच्या आत बघतं आणि गाडी सावरते. ह्यात ना संगणक, ना सेन्सर, ना मोटर. एक लोखंडी तुकडा आणि त्याचा कोन. ज्या धक्क्याने गाडी घसरायची त्याच धक्क्यावर ही लिंक चालते.

उस्तादांनी लिंकवर बोट ठेवलं आणि भावाकडे बघून काहीतरी म्हणाले. भाऊ हसला. "ताई, ते म्हणतात, ही चूक होऊ नये म्हणून नाही बनवली, झाल्यावरची सोय आहे."

मग त्यांनी गाडी खाली घेतली आणि आम्हाला बसवलं. मी मागे. ९२८ च्या मागच्या सीट ह्या खरं तर खोलगट वाडगे आहेत. लहान मूल मजेत बसेल, माझे गुडघे हनुवटीला लागले. तिथे बसणाऱ्यालाही उन्हापासून वाचवायला वेगळे सनव्हायझर दिलेत, हे मला फार माणुसकीचं वाटलं. गावाबाहेर एका मोकळ्या, लांब वळणावर त्यांनी वेग धरला आणि मध्येच मुद्दाम पाय काढला. मी दारावरची मूठ धरली होती. काहीच झालं नाही. गाडीने नाक किंचित आत घेतलं आणि वळण पुरं केलं. भाऊ मागे वळून म्हणाला, "कळलं का काही?" कळलं नाही, आणि तेच बघायला आलो होतो.

परतताना आम्ही म्युनिकहून येणाऱ्या ए-८ मार्गावरचा ड्राकनश्टाइनचा उतार धरला. तिथे चढणारा आणि उतरणारा रस्ता डोंगराने वेगळे केलेत. आपल्या खंबाटकीला जुन्या रस्त्यावर साताऱ्याकडे जाताना घाट आणि पुण्याकडे येताना बोगदा असतो तसंच, फक्त इथे मोठा बोगदा चढणाऱ्यांच्या वाट्याला आहे. उतार अरुंद, वळणाचा, ट्रकांनी भरलेला. खऱ्या प्रवासात गाडीची परीक्षा अशा ठिकाणी होते. ताशी २७० किलोमीटर हा एस-४ चा जाहीर वेग तिथे कुणाच्या उपयोगाचा नसतो. उपयोगाला येते ती बैठक. स्टेअरिंग वर-खाली केलं की समोरचे मीटर त्याच्यासोबत हलतात, त्यामुळे उंच-बुटका कुणीही बसला तरी काटे झाकले जात नाहीत. टाकी ८६ लिटरची. मागचं काचेचं झाकण उघडलं की दोघांचं पंधरवड्याचं सामान मावतं. हातमोज्यांच्या कप्प्यातही थंड हवा येते, म्हणजे उन्हाळ्यात इटलीत चॉकलेट वितळत नाही. इंजिनचा आवाज आहे, पण त्यातही बोलता येतं. त्याच काळातली जॅग्वार एक्सजे-एस ह्याहून मऊ आणि शांत होती, ९११ ह्याहून हलकी आणि चपळ. पण एका दिवसात खूप अंतर तोडून संध्याकाळी गाडीतून ताठ उतरायचं असेल, तर माझं मत ९२८ ला. गल्लीबोळात मात्र ती रुंद पडते. साध्या गिअरच्या गाडीत पहिला गिअर डावीकडे खाली आहे. महामार्गावर त्याचं काही वाटत नाही, सिग्नल-सिग्नलवर थांबताना मनगट कुरकुरतं.

इथवर भाऊ जिंकला होता. गॅरेजमध्ये परत आल्यावर उस्तादांनी कॉफी दिली आणि दुसरी बाजू काढली, ती संध्याकाळपर्यंत संपली नाही.

पहिली गोष्ट टायमिंग बेल्ट. व्ही-८ च्या दोन्ही बाजूंचे कॅमशाफ्ट आणि पाण्याचा पंप हे सगळं एकच लांबलचक दातेरी पट्टा फिरवतो. ३२ व्हॉल्व्हच्या इंजिनात तो तुटला किंवा दात चुकला, तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि व्हॉल्व्ह वाकतात. ताण ढिला पडल्याची सूचना देणारा दिवा नंतरच्या गाड्यांत आहे, पण तोही आता म्हातारा झाला. पट्टा नुसत्या किलोमीटरवर नाही, वर्षांवरही बदलायचा. त्याच्यासोबत पंप, पुल्या, ताणणारं यंत्र, सगळंच. विकणारे सांगतात, "बेल्ट नवीन आहे, त्यावर गाडी फारशी चाललीच नाही." उस्ताद बिलावरची तारीख वाचतात.

दुसरी गोष्ट ऑटोमॅटिक गाड्यांची, आणि भाऊ नेमकी ऑटोमॅटिक बघत होता, कारण रोज ऑफिसच्या गर्दीत क्लच दाबायचा त्याला कंटाळा. मघाचा तो बारीक दांडा आठवा. इंजिनमागच्या चकतीला तो एका क्लॅम्पने पकडलेला असतो. दांड्यावर जोर येऊन तो पिळतो, क्लॅम्पमध्ये किंचित सरकतो आणि परत मूळ जागी येत नाही. असं वर्षानुवर्षं झालं की चकती पुढे ढकललेली राहते, ती क्रँकशाफ्टला पुढे रेटते, आणि क्रँकला पुढे-मागे हलू न देणारं थ्रस्ट बेअरिंग हळूहळू खाल्लं जातं. ते संपलं की क्रँक थेट अ‍ॅल्युमिनियमच्या ब्लॉकला घासू लागतो, आणि मग दुरुस्त करण्यासारखं फार उरत नाही. वरून काही कळत नाही. गाडी शेवटपर्यंत रेशमासारखी चालते.

तपासायची पद्धत मात्र सोपी आहे. खालचं झाकण काढायचं, क्लॅम्पचा बोल्ट ढिला करायचा आणि चकती मागे उडी मारते का बघायचं. मारली तर तेवढा दाब इतकी वर्षं बेअरिंगवर होता. मग डायल लावून क्रँकचा प्ले मोजायचा. मला ह्यात गंमत वाटली ती अशी, की मागच्या चाकाशी रबराचं दबणं ज्यांनी इतक्या बारकाईने हिशेबात घेतलं, त्याच गाडीत, थोडं पुढे, एका दांड्याचं सरकणं हिशेबातून निसटलं. उस्तादांना ह्यात गंमत वाटत नाही. त्यांच्या कोपऱ्यात असा एक ब्लॉक पडलेला आहे.

त्याशिवाय वीज. फ्यूज आणि रिलेंचा सबंध फलक शेजारच्या सीटवर बसणाऱ्याच्या पायाखाली, एका फळीखाली आहे. अर्थिंगच्या जोडांना गंज चढला की खिडकी चालत नाही, मग दिवा, मग भलतंच काहीतरी. एसीच्या झडपा निर्वाताच्या जोरावर उघडतात आणि त्यांचे पडदे फाटतात. इंजिनजवळच्या पेट्रोलच्या जुन्या नळ्या तर चालवण्याआधीच बदलायच्या, कारण त्या फुटल्या तर गरम इंजिनवर फुटतात. शहरात १०० किलोमीटरला १५-१६ लिटर पेट्रोल सहज जातं.

जर्मन सरकार त्यातल्या त्यात दयाळू आहे. ३० वर्षं पुरी केलेली, मूळ स्वरूपात राखलेली गाडी तपासणीत उतरली तर तिच्या नंबरप्लेटवर 'एच' लागतो. वर्षाचा कर ठरावीक, १९० युरोंच्या थोडा वर, आणि स्टुटगार्टच्या धूरबंदीच्या भागातही फिरता येतं. पण गाडी ऐतिहासिक ठरली म्हणून बेअरिंग तरुण होत नाही, हे उस्तादांनी सांगितलं नाही, भावाच्या बायकोने रात्री जेवताना सांगितलं.

भावाने ज्या ऑटोमॅटिकवर डोळा ठेवला होता तिच्या मालकाला त्याने दुसऱ्या दिवशी फोन केला. गाडी लिफ्टवर चढवून क्लॅम्पचा बोल्ट ढिला करू द्याल का, एवढंच विचारलं. मालक म्हणाला, चालू गाडीला कशाला हात लावायचा, आणि किंमत थोडी कमी करायची तयारी दाखवली. भाऊ आता साध्या गिअरची गाडी शोधतोय. तशा कमी मिळतात आणि महाग असतात. ऑफिसला त्याने तूर्त लोकलचा पास काढलाय.