पोलादी छर्रा आणि जुनी नळी

सातारा जिल्ह्यातील जावळी व पाटण आणि सांगलीतील शिराळा या सह्याद्रीच्या कुशीतल्या तालुक्यांत पीक हातातोंडाशी आले, की रानडुकरांचे आणि गव्यांचे कळप शिवारात उतरतात. २०१० मध्ये कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. वन्यजीवांना हक्काची जागा मिळाली, पण जंगल संपते तिथेच उसाचा आणि भुईमुगाचा बांध सुरू होतो, ही वस्तुस्थिती बदलली नाही. म्हणूनच पीक संरक्षणाच्या परवान्यावरची बंदूक या पट्ट्यात आजही दिसते. ती बहुधा वडिलोपार्जित असते. कुठे ठासणीची, कुठे बारा बोअरची एकनळी किंवा दुनळी. तिच्यात घातले जातात ते शिशाचे छर्रे. जगभर या शिशाला पर्याय शोधला जात आहे आणि त्यात पोलादी छऱ्याचे नाव सर्वांत पुढे आहे. शिसे गेलेच पाहिजे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. मात्र त्याच्या जागी काय यायचे, हे नळीचे माप घेऊन ठरवायला हवे. जुन्या, न बदलता येणाऱ्या चोकच्या, म्हणजे तोंडाशी निमुळत्या नळीच्या, बंदुकीत पोलाद सरसकट चालत नाही. हे आधीच समजून घेतले नाही, तर पर्यावरणासाठी उचललेले पाऊल परवानाधारकाच्या हातावर आणि डोळ्यांवर बेतू शकते.

आधी शिशाचा दोष नेमका काय ते पाहू. शिसे शरीरात शिरले की कॅल्शियमची जागा घेते, हाडांत साठून राहते आणि मज्जासंस्थेला इजा करते. माणसासाठी शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पक्ष्यांवर हा घाला फार लवकर पडतो. दाणे भरडण्यासाठी पक्षी बारीक खडे गिळतात आणि ते पेषणीत साठवतात. चिखलातला छर्रा खडा समजून गिळला गेला, की पेषणीत तो घासला जातो, जठरातल्या आम्लात विरघळतो आणि रक्तात उतरतो. मेक्सिको आणि स्पेनमधील पाणथळींत अशा विषबाधेने रोहित पक्षी मेल्याच्या नोंदी आहेत. आपल्या खटाव तालुक्यात मायणी आणि येरळवाडीच्या पाण्यावर येणारे रोहितही असेच चिखल गाळून खातात. दुसरी वाट मृतभक्षकांची. जखमी होऊन रानात जाऊन मेलेले जनावर गिधाड, तरस, कोल्हा खातो आणि मांसातले शिशाचे कण त्याच्या पोटात जातात. कॅलिफोर्नियातील काँडोर या गिधाडाच्या पुनरुज्जीवनात शिशाची विषबाधा हाच सर्वांत मोठा अडथळा ठरला आहे. अमेरिकेने पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे १९९१ पासून देशभर बंद केले, डेन्मार्कने १९९६ मध्ये सर्वच शिकारीसाठी, आणि युरोपीय संघाने २०२३ पासून पाणथळ जागांत. घरातला धोका याहून जवळचा आहे. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे चुलीवरही. ठासणीच्या बंदुकीसाठी घरी छर्रे ओतले, तर त्याची राख आणि भुकटी स्वयंपाकघरात राहते, आणि ती सर्वांत आधी रांगणाऱ्या मुलाच्या हाताला लागते.

तरीही बदल करताना जुन्या यंत्राचा विचार करावा लागतो, याचा दाखला आपल्याच देशात आहे. २००० मध्ये पेट्रोलमधले शिसे देशभर बंद झाले. तो निर्णय योग्यच होता. पण जुन्या इंजिनांत शिशाचा थर झडपांच्या बैठकींचे रक्षण करत असे. तो गेल्यावर मऊ बैठका झिजण्याचा धोका होता, म्हणून नव्या इंजिनांत कठीण बैठका आल्या आणि जुन्यांसाठी वेगळी काळजी घेतली गेली. जे यंत्र शिसे गृहीत धरून घडवले, त्यातून शिसे काढताना यंत्राची रचना तपासावीच लागते. बारा बोअरची बंदूक तर शिशावरच मोजली गेलेली आहे. एका पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर एका गोळीचा व्यास भरतो तेवढी ही नळी, म्हणजे सुमारे १८.५ मिलिमीटर.

या नळीचे तोंड आतून किंचित निमुळते केलेले असते, त्याला चोक म्हणतात. छऱ्यांचा झोत लांबवर एकवटून जावा म्हणून ही पद्धत १८७० च्या दशकात रूढ झाली. पूर्ण चोकमध्ये व्यास सुमारे एक मिलिमीटरने कमी होतो, अर्ध्या चोकमध्ये अर्ध्या मिलिमीटरने. आजच्या अनेक बंदुकांत चोकची नळकांडी आटे फिरवून बदलता येते. जुन्या बंदुकीत ती सोय नाही, तिथे चोक नळीच्याच धातूत कोरलेला असतो. शेकडो छर्रे वेगाने या अरुंद जागेत शिरतात, तेव्हा ते ओल्या मातीच्या गोळ्यांसारखे असले तर चेपतात आणि निघून जातात. काचेच्या गोट्यांसारखे असले तर एकमेकांत अडकून भिंतीला बाहेर रेटतात. शिसे पहिल्या प्रकारचे आणि पोलाद दुसऱ्या प्रकारचे. पातळ भिंतीच्या जुन्या नळीत या रेट्याने तोंडाजवळ फुगवटा येतो. दुनळीत दोन नळ्यांमधला डाखही उकलू शकतो. पोलादाने पोलादाला काय होणार, असे अनेकांना वाटते, त्याचे उत्तर इथे आहे. नळीचे पोलाद फुटण्याइतके ठिसूळ नसले, तरी आतून आलेल्या रेट्याला ते कायमचे वाकते.

दुसरे कारण घनतेचे. शिशाची घनता दर घन सेंटिमीटरला ११.३ ग्रॅम, पोलादाची ७.८. त्याच आकाराचा पोलादी छर्रा सुमारे तीस टक्के हलका असतो आणि हवेत लवकर मंदावतो. ही तूट भरून काढायला कारखाने छर्रा मोठा करतात आणि वेग वाढवतात. मोठा छर्रा चोकमध्ये अधिक अडकतो, आणि वाढीव वेगासाठी अनेकदा अधिक दाब लागतो. म्हणून युरोपातील सी.आय.पी. ही शस्त्र-प्रमाणन संस्था पोलादी काडतुसांचे दोन वर्ग मानते. साधा वर्ग आधुनिक नायट्रो दारूसाठी तपासलेल्या बंदुकीसाठी असतो, आणि त्यात छऱ्याच्या आकारावर व वेगावर मर्यादा असते. जोरदार वर्गासाठी नळी १३२० बार दाबावर तपासून तिच्यावर लिलीच्या फुलाची खूण उमटवलेली असावी लागते. शिवाय छर्रा चार मिलिमीटरपेक्षा मोठा असेल तर चोक अर्ध्यापेक्षा अधिक चालत नाही. छऱ्यांनी नळी खरवडू नये म्हणून त्यांना प्लॅस्टिकच्या जाड वाटीत बसवणेही गरजेचे असते.

आता हे आपल्या दोन जिल्ह्यांना लावून पाहू. १९९१ च्या दुरुस्तीनंतर देशात शिकारीवर पूर्ण बंदी आहे. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याची परवानगी नव्हे. ती परवानगी वन्यजीव कायद्याच्या कलम ११ खाली वनविभाग देतो, आणि गव्यासारख्या प्राण्याला मारण्याचा प्रश्नच येत नाही. रानडुकरासाठी एल.जी., एस.जी. असे आठ-नऊ मिलिमीटर व्यासाचे मोठे छर्रे वापरतात. म्हणजे जुना चोक ज्या आकाराचे पोलाद सर्वांत कमी सोसतो, नेमका तोच आकार इथे लागतो. ठासणीच्या बंदुकीला प्लॅस्टिकची वाटीच नसते, त्यामुळे तिच्यात पोलाद नकोच. औंध, फलटण, जत, सांगली, मिरज या संस्थानांच्या काळातली विलायती दुनळी कुणाकडे असेल, तर तिची नळी लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेली दमास्कसची असू शकते. तिच्यातही पोलाद नको. काडतूस जिथे बसते त्या कोठीची लांबीही पाहावी लागते. जुन्या इंग्रजी बंदुकांची कोठी अनेकदा ६५ मिलिमीटरची असते. ७० मिलिमीटरचे काडतूस तोंड मिटलेले असताना तिच्यात अलगद बसते आणि सारे ठीक वाटते. पण बार उडताना त्याचे तोंड उलगडते, नळीच्या वाटेत येते आणि दाब धोकादायक वाढतो. सर्वांत मोठा धोका सायकलच्या दुकानात सहज मिळणाऱ्या बेअरिंगच्या छऱ्यांचा. कारखान्यातला पोलादी छर्रा म्हणजे प्रत्यक्षात तापवून मऊ केलेले लोखंड असते. बेअरिंगचा छर्रा मुद्दाम कठीण केलेला असतो, नळीच्या धातूपेक्षाही कठीण. तो कोणत्याही बंदुकीत, कोणत्याही कारणाने घालू नये.

यावर काही आक्षेप येतील. पहिला असा, की इतक्या थोड्या बंदुकांतून जाणाऱ्या शिशाची काळजी कशाला? उत्तर असे, की शिसे कुजत नाही. दरवर्षी त्याच शिवारात, कोयना-वारणेच्या त्याच पाणलोटात पडलेले छर्रे साठत जातात. शिवाय बरेच बार कळप हुसकावण्यासाठी हवेत काढले जातात. आवाजासाठी छऱ्याची गरजच नाही. बिनछऱ्याच्या काडतुसाने हेच काम होत असताना प्रत्येक बारासोबत मूठभर विष शेतात पेरणे कुणाच्याही हिताचे नाही. दुसरा आक्षेप, चोक कापून किंवा घासून टाकला की झाले. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ६ नुसार नळी आखूड करायलाही परवाना लागतो. नळी आतून घासताना भिंत किती उरते, हे मोजल्याशिवाय ते कामही धोक्याचे आहे. तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो सर्वांत वजनदार आहे. जुन्या नळीला मानवणारे बिनविषारी पर्याय आहेत. बिस्मथ हा त्यातला उत्तम. त्याची घनता ९.८, म्हणजे शिशाच्या जवळची. थोडे कथील मिसळले की त्याचा ठिसूळपणा कमी होतो, आणि चोकमध्ये तो शिशासारखा दबतो किंवा तुटतो, भिंतीला रेटत नाही. टंगस्टनची भुकटी प्लॅस्टिकमध्ये मिसळून केलेले मऊ छर्रेही चालतात. दोन्ही शिशापेक्षा कितीतरी महाग पडतात. पण पीक संरक्षणाचा परवानाधारक मैदानावरच्या नेमबाजासारखी हजारो काडतुसे उडवत नाही. वर्षाकाठी मोजक्या बारांचा वाढीव खर्च, नळी बदलण्याच्या किंवा बोटे गमावण्याच्या किमतीपुढे थोडाच आहे.

म्हणून शासनाने बंदीचा आदेश काढण्याआधी तयारीचा क्रम ठरवावा. २०१९ च्या दुरुस्तीपासून शस्त्र परवान्याचे नूतनीकरण पाच वर्षांनी होते. त्या वेळी प्रत्येक बारा बोअरची कोठी, चोक आणि नळीवरच्या प्रमाणन-खुणा परवानाधारक शस्त्र-कारागिराकडून मोजून त्याची नोंद परवान्यासोबत जोडता येईल. दुनळीत बहुधा एका नळीचा चोक सैल आणि दुसरीचा घट्ट असतो. हा फरकही मालकाला कागदावर कळला पाहिजे. खडकीचा दारूगोळा कारखाना बारा बोअरची काडतुसे बनवतो. त्याने बिनछऱ्याची आणि बिस्मथची काडतुसे परवडणाऱ्या दरात आणली, तर पाटण-शिराळ्याच्या शेतकऱ्याला पर्याय हाताशी मिळेल. शिसे हटवण्याचा निर्णय आपण पेट्रोलमध्ये घेतला, पुढे घरगुती रंगांतही शिशावर मर्यादा घातली. बंदुकीतही तो घ्यायला हवा. तो टिकेल तो नळीची मापे आधी हातात असतील तरच, कारण ज्याच्या खांद्यावर ती बंदूक टेकते त्याचा विश्वास बसल्याशिवाय कोणताही पर्याय शेताच्या बांधापर्यंत पोहोचत नाही.